हिब्रू भाषेतला आणि धर्मग्रंथांतला मासा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी बायबल वाचणारे, कोकणातल्या बेने इस्राएल (मराठी ज्यू) घरांत वाढलेले, आणि अंकशास्त्राचा एखादा व्हिडिओ पाहून कुतूहल वाटलेले वाचक हे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल असं लिहिलं आहे. वचनांचे क्रमांक हिब्रू मांडणीनुसार आहेत. मराठी बायबलमध्ये वेगळा क्रमांक असेल तिथे तसं सांगितलं आहे.

१. हिब्रूत माशाला काय म्हणतात?

एक मासा म्हणजे 'दाग', अनेक मासे म्हणजे 'दागीम'. शिवाय 'दागा' असं स्त्रीलिंगी रूप आहे आणि ते बहुतेक वेळा समूहासाठी येतं. आपण 'एक मासा पकडला' म्हणतो, पण 'आज बाजारात मासळी आली' असंही म्हणतो. दाग आणि दागा यांच्यातला फरक साधारण असाच आहे. नाईल नदीचं पाणी रक्त झालं तेव्हा मेली ती 'दागा' (निर्गम ७:२१). मासेमाराला 'दय्याग' म्हणतात. मराठीतल्या 'दाग' किंवा 'डाग' या शब्दांशी याचा काही संबंध नाही, उच्चार तेवढा जुळतो.

२. बायबलमध्ये मासा पहिल्यांदा कुठे येतो?

उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात. पाचव्या दिवशी पाणी जीवजंतूंनी भरून जातं, पण तिथे 'दाग' हा शब्द नाही. तिथे आहेत पाण्यात वळवळणारे जीव आणि 'तन्नीनीम', म्हणजे प्रचंड जलचर. 'दाग' या धातूचा शब्द पहिल्यांदा दिसतो तो १:२६ मध्ये, 'समुद्रातल्या माशांवर' माणसाची सत्ता असो असं म्हटलं आहे तिथे.

१:२२ हे वचन मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. सगळ्या शास्त्रातला पहिला आशीर्वाद तिथे आहे आणि तो माणसाला दिलेला नाही. 'फलद्रूप व्हा, बहुगुणित व्हा, समुद्र भरून टाका' हे शब्द जलचरांना उद्देशून आहेत, आणि त्याच वचनात पक्ष्यांनाही वाढण्याचा आशीर्वाद आहे. माणसाची पाळी सहाव्या दिवशी येते.

३. मग हिब्रू शास्त्रात मासा नेमका कशाचं प्रतीक आहे?

एकाच गोष्टीचं नाही. 'मासा म्हणजे अमुक' असा कोश करून ठेवला की वचनं वाचायची राहून जातात. वचनं वाचली तर मुख्यतः दोन सूर ऐकू येतात.

पहिला भरभराटीचा. मासे अमाप वाढतात म्हणून ते आशीर्वादाच्या भाषेत येतात (प्रश्न ४).

दुसरा असहायतेचा, आणि हा सूर संदेष्ट्यांच्या लेखनात फार तीव्र आहे. हबक्कूक देवालाच विचारतो की तू माणसांना समुद्रातल्या माशांसारखं, धनी नसलेलं का केलंस (१:१४). पुढे तो बाबेलच्या सत्तेचं वर्णन करतो: ती गळाने माणसं ओढते, जाळ्यात गोळा करते आणि शेवटी आपल्या जाळ्यालाच यज्ञ करते. यिर्मया १६:१६ मध्ये देव पुष्कळ मासेमार पाठवतो ते लोकांना हुडकून काढण्यासाठी. उपदेशक ९:१२ सांगतो की माणसाला आपली वेळ कळत नाही, वाईट जाळ्यात सापडणाऱ्या माशांना कळत नाही तशीच.

दोन्ही सूर खरे आहेत. कोणत्या वचनात कोणता सूर आहे हे संदर्भावरूनच ठरवावं लागतं.

४. 'माशांना दृष्ट लागत नाही' असं ज्यू परंपरेत का म्हणतात?

याचं मूळ उत्पत्ति ४८:१६ मध्ये आहे. म्हातारा याकोब योसेफाच्या दोन मुलांवर, एफ्राईम आणि मनश्शे यांच्यावर हात ठेवून आशीर्वाद देतो. त्यात 'वयिदगू लारोव' असे शब्द आहेत, म्हणजे 'ते पृथ्वीवर उदंड वाढोत'. हे क्रियापद इतरत्र सापडत नाही आणि त्यात 'दाग' ऐकू येतो. ओंकेलोसच्या अरामी भाषांतरात तर 'समुद्रातल्या माशांप्रमाणे वाढोत' असं सरळच म्हटलं आहे.

तालमूदमध्ये, म्हणजे ज्यू धर्मचर्चेच्या जुन्या मोठ्या ग्रंथात (बेराखोत २० अ), यावरून पुढचं पाऊल टाकलं आहे. मासे पाण्याने झाकलेले असतात म्हणून वाईट नजर त्यांच्यावर चालत नाही, तशीच ती योसेफाच्या वंशजांवरही चालत नाही. उत्तर आफ्रिकेतल्या, विशेषतः ट्युनिशियातल्या ज्यू घरांत ताइतांवर आणि भिंतींवर मासा दिसतो त्यामागे हा विचार आहे.

५. 'नून' या हिब्रू अक्षराचा अर्थ मासा आहे का?

अरामी भाषेत 'नूना' म्हणजे मासा, त्यामुळे अक्षराचं नाव आणि हा शब्द जुळतात. अक्षराची किंमत ५० आहे. मात्र अक्षराचं प्राचीन चित्र सापाचं असावं असं अनेक अभ्यासक मानतात. हिब्रूत सापाला 'नाहाश' म्हणतात आणि इथिओपियाच्या जुन्या गीझ लिपीत याच अक्षराचं नाव 'नहास' आहे.

मोशेनंतरचा पुढारी यहोशवा हा 'नूनाचा पुत्र' होता. 'माशाचा मुलगा' असा त्याचा अर्थ लावणारे बरेच भेटतात. अरामीवरून तो लावता येतो, पण शास्त्रात त्या नावाचा अर्थ कुठेही दिलेला नाही.

६. 'दाग' शब्दाची बेरीज ७ येते, याला काही अर्थ आहे का?

हिब्रूत प्रत्येक अक्षराला संख्येची किंमत असते. 'दाग' मधल्या दालेतची ४ आणि गिमेलची ३, मिळून ७. शब्बाथ हा सातवा दिवस आहे, म्हणून शब्बाथला मासा खावा, अशी मांडणी प्रवचनांत होते. भाविकाला ती आवडते आणि त्यात गैर काही नाही. मात्र प्रथा या बेरजेतून निघालेली नाही. तिची खरी जुनी मुळं प्रश्न ११ मध्ये आहेत.

७. योनाला गिळलं ते माशाने की देवमाशाने?

हिब्रूत 'दाग गादोल' म्हणजे फक्त 'मोठा मासा' आहे (योना २:१, मराठी बायबलमध्ये १:१७). जात सांगितलेली नाही. किंबहुना संपूर्ण हिब्रू बायबलमध्ये माशाच्या एकाही जातीचं नाव नाही. देवमाशाची कल्पना नंतरची आहे. मत्तय १२:४० मधला ग्रीक शब्द 'केतोस' कोणत्याही प्रचंड जलचराला लागू पडतो, आणि तिथून चित्रकारांनी आणि भाषांतरकारांनी देवमासा आणला.

या गोष्टीत मासा मोजून तीन वचनांत आहे, तरी सगळ्यांच्या लक्षात तोच राहतो. मजकुरातलं एक क्रियापद मात्र बारकाईने पाहण्यासारखं आहे. देवाने मासा 'नेमला'. हेच क्रियापद चौथ्या अध्यायात सावली देणाऱ्या वेलीसाठी, ती कुरतडणाऱ्या किड्यासाठी आणि पूर्वेच्या उष्ण वाऱ्यासाठी येतं. वेल, किडा, वारा, मासा हे सगळे नेमलेलं काम तिथल्या तिथे करतात. आज्ञा मिळताच उलट्या दिशेने जहाज धरतो तो एकटा संदेष्टा. हे पुस्तक ज्यू सभास्थानांत योम किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, दुपारी वाचतात. दिवसभर उपाशी बसून पश्चात्ताप करणाऱ्यांना ही तुलना लगेच भिडते.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. योना ज्या निनवे शहरात जातो, त्याच्या नावासाठी वापरलेलं जुनं कीलाक्षर चिन्ह म्हणजे घराच्या चौकटीत मासा. गोष्ट रचणाऱ्याला हे ठाऊक होतं असा दावा मी करणार नाही.

८. योनाचा मासा आधी नर आणि मग मादी कसा होतो?

हा प्रश्न हिब्रू वाचणाऱ्यांनाच पडतो. २:१ मध्ये 'दाग', २:२ मध्ये 'दागा', आणि २:११ मध्ये पुन्हा 'दाग' (मराठी बायबलमध्ये १:१७, २:१ आणि २:१०). राशी या अकराव्या शतकातल्या भाष्यकाराने जुनी कथा देऊन हे सोडवलं. नर माशाच्या पोटात योनाला ऐसपैस जागा होती, म्हणून त्याला प्रार्थना सुचली नाही. मग देवाच्या इशाऱ्यावर त्याने योनाला ओकून दिलं आणि पिल्लांनी भरलेल्या मादीने गिळलं. तिथे दाटीवाटीत जीव कासावीस झाला आणि त्याने प्रार्थना केली.

व्याकरणाच्या बाजूने पाहिलं तर 'दागा' एरवी समूहवाचक असल्याने (प्रश्न १) एकाच माशासाठी तो इथे येणं खरोखरच वेगळं आहे. कथेने ती अडचण नेमकी हेरली आहे.

९. कोणते मासे खायला चालतात?

लेवीय ११:९-१२ आणि अनुवाद १४:९-१० या दोन्ही ठिकाणी एकच नियम आहे. पर ('स्नपीर') आणि खवले ('कस्केसेत') दोन्ही असलेला जलचर चालतो, बाकी काहीच चालत नाही. आपल्या बाजाराच्या भाषेत सांगायचं तर रावस, पापलेट, बांगडा, रोहू चालतात. कोळंबी, चिंबोऱ्या, तिसऱ्या, कालवं, माकूळ, शिंगाळा, मुशी, पाकट चालत नाहीत.

मिश्नामध्ये, म्हणजे तालमूदचा पाया असलेल्या नियमसंग्रहात (निद्दा ६:९), एक सोपी किल्ली दिली आहे: ज्याला खवले आहेत त्याला पर असतातच, पण पर असलेल्या प्रत्येकाला खवले असतीलच असं नाही. म्हणून व्यवहारात खवले पाहिले की पुरतं.

१०. खवल्यांबद्दल वाद कुठे होतो? मुशीच्या अंगावरही खवले असतात ना?

असतात, पण ते 'कस्केसेत' नव्हेत. रामबान या तेराव्या शतकातल्या भाष्यकाराने स्पष्ट केलं की हाताने किंवा सुरीने कातडी न फाटता सुटतात तेच खवले धरायचे. रोहूच्या अंगावर शेपटीकडून डोक्याकडे नख फिरवा, खवला अलगद सुटून येतो आणि खालची कातडी तशीच राहते. मुशीच्या अंगावर तसंच करून पाहिलं तर फक्त खरखर लागते, सुटत काहीच नाही. तिचे सूक्ष्म खवले कातडीतच रुतलेले असतात.

बारीक खवल्यांचा प्रश्नही नेहमी येतो. काही माशांचे खवले पाण्याबाहेर येताना गळून पडतात, असे मासे चालतात, असं तालमूदच सांगतो (हुल्लीन ६६ अ). स्वॉर्डफिशवर मात्र मतभेद आहेत. लहानपणी त्याला खवले असतात आणि मोठेपणी ते दिसत नाहीत, त्यामुळे काही रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी) परवानगी दिली आणि काहींनी नाकारली. स्टर्जनचे खवले हाडासारखे घट्ट बसलेले असल्याने तो मासा आणि त्याच्या अंड्यांचं कॅव्हिआर ऑर्थोडॉक्स ज्यू खात नाहीत.

'कस्केसेत' म्हणजे खवलेच कशावरून, असंही कोणी विचारतं. १ शमुवेल १७:५ मध्ये गल्याथाच्या चिलखतासाठी याच शब्दाचं रूप आलं आहे. एकावर एक बसवलेल्या पत्र्यांचं ते चिलखत होतं. तालमूदमध्येही हाच दाखला दिला आहे.

११. शुक्रवारी रात्री मासा खाण्याची प्रथा कुठून आली?

शास्त्रात तशी आज्ञा नाही. तालमूदमध्ये (शब्बाथ ११८ ब) शब्बाथचा आनंद कसा करावा यावर उत्तर आहे: बीटच्या पानांची भाजी, मोठे मासे आणि लसणाचे गड्डे. त्याच्या पुढच्याच पानावर योसेफ नावाच्या एका माणसाची (याकोबाचा मुलगा तो नव्हे) गोष्ट येते. शब्बाथचा मान राखणारा म्हणून तो ओळखला जाई.

त्याच्या शेजारी एक धनाढ्य माणूस राहत होता. ज्योतिष्यांनी त्याला सांगितलं की तुझी सगळी संपत्ती योसेफ खाणार. घाबरून त्याने सगळं विकलं, त्या पैशांतून एक मोती घेतला आणि पागोट्यात खोचला. तरीतून पलीकडे जाताना वाऱ्याने पागोटं उडवून पाण्यात टाकलं आणि मोती एका माशाने गिळला. तो मासा शुक्रवारी दिवस कलता कलता बाजारात आला. एवढ्या उशिरा घेणार कोण? लोक म्हणाले, योसेफकडे न्या, तो शब्बाथसाठी नेहमी घेतो. त्याने घेतला, चिरला, आणि आत मोती निघाला.

गोष्ट मोत्याची असली तरी मला तिच्यातला बाजार खरा वाटतो. दिवस मावळायच्या आत विकायची धडपड, मासळीवाल्यांना ठाऊक असलेलं हक्काचं गिऱ्हाईक. याच वेळेवरून नहेम्याचा झगडा झाला होता, तो पुढच्या उत्तरात.

१२. यरुशलेमचं 'मत्स्यद्वार' काय होतं?

शहराच्या कोटाचा एक दरवाजा, 'शाआर हादागीम'. नहेम्या ३:३ मध्ये तो पुन्हा बांधल्याची नोंद आहे, आणि सफन्या १:१० मध्ये तिथून आक्रोश ऐकू येतो. जवळ मासळीबाजार असावा, असं नावावरून मानतात.

यरुशलेम डोंगरावर आहे, समुद्र तिथून ५० किलोमीटरहून अधिक दूर. तरी मासळी येत होती. नहेम्या १३:१६ मध्ये सोर (टायर) या बंदराचे व्यापारी मासे आणून शब्बाथच्या दिवशी विकतात. नहेम्या चिडतो आणि शब्बाथ लागण्याआधी, वेशीत सावल्या पडू लागताच दरवाजे बंद करायला लावतो. व्यापारी एक-दोनदा कोटाबाहेर मुक्काम ठोकतात, तेव्हा तो दम देतो: पुन्हा असं केलंत तर हात टाकीन. शास्त्रातला मासा असा बाजारात, भावाच्या आणि वेळेच्या भांडणातही आहे. प्रतीकं शोधणाऱ्यांनी हेही वचन वाचावं.

१३. त्या काळी सगळे लोक खवल्यांचा नियम पाळत होते का?

उत्खननातली हाडं वेगळं सांगतात. योनातान ॲडलर आणि ओम्री लेर्नाऊ यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार प्राचीन इस्राएल आणि यहूदातल्या वस्त्यांत शिंगाळ्याच्या जातीच्या माशांची आणि मुशीवर्गातल्या माशांची हाडं सापडतात, यरुशलेममध्येही. रोमन काळाकडे येताना ज्यू वस्त्यांत ती जवळजवळ दिसेनाशी होतात. म्हणजे नियम लिहिला जाणं आणि घरोघरी रुजणं यांत बराच काळ गेला असावा.

१४. कोकणातल्या बेने इस्राएलांची माशांची कथा खरी आहे का?

ही परंपरेने चालत आलेली कथा आहे आणि समाजात ती आजही आदराने सांगितली जाते. नवगावजवळ जहाज फुटून वाचलेल्या सात पुरुष आणि सात स्त्रियांचे वंशज कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्याच्या गावांत तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. हिब्रू ग्रंथ हाताशी नव्हते. पुढे दाविद राहाबी नावाचे ज्यू गृहस्थ आले. हे लोक खरोखर आपल्यापैकी आहेत का, हे पाहण्यासाठी त्यांनी बायकांना मिश्र मासळी रांधायला दिली. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे तेवढे निवडले आणि बाकीचे बाजूला सारले.

राहाबी नेमके कोणत्या शतकात आले यावर इतिहासकारांचं एकमत नाही. पण कथेचा आशय मनाला पटतो. ग्रंथ हरवला, भाषा मराठी झाली, तरी मासळी निवडणाऱ्या हातांत लेवीयाचा नियम टिकून राहिला. कोकणात जिथे तिसऱ्या आणि कोळंबी दारात येतात, तिथे पिढ्यान् पिढ्या त्यांना नाही म्हणत राहणं सोपं नव्हतं.

१५. मासा मटणासारखा विधीपूर्वक कापावा लागतो का? मटणाबरोबर चालतो का?

कापावा लागत नाही. तालमूदने (हुल्लीन २७ ब) गणना ११:२२ चा आधार घेतला आहे. तिथे गुरंमेंढरं 'कापली' जातात, पण समुद्रातले मासे फक्त 'गोळा केले' जातात. मासा मांसात धरत नाहीत, तरी मासा आणि मांस एकत्र शिजवणं आरोग्याला घातक म्हणून टाळतात. दुधाबरोबर बहुतेक समाज खातात, काही सफार्दी (मूळ स्पेन-पोर्तुगालकडच्या ज्यूंच्या) परंपरा टाळतात. नारळाचं दूध हे दूध नव्हेच, त्यामुळे बेने इस्राएलांच्या रश्श्यात ते खुशाल असतं.

१६. मासा आणि तोरा यांचा काय संबंध?

तालमूदमधली (बेराखोत ६१ ब) रब्बी अकिवांची गोष्ट वाचा. रोमन सत्तेने तोरा, म्हणजे ज्यूंचं धर्मशास्त्र, शिकवायला बंदी घातली तरी ते जाहीरपणे शिकवत राहिले. 'भीती वाटत नाही का?' असं पाप्पोस नावाच्या माणसाने विचारलं तेव्हा त्यांनी कोल्ह्याची गोष्ट सांगितली. जाळ्यांना भिऊन मासे इकडून तिकडे पळत होते. काठावरून कोल्हा म्हणाला, वर या, आपण एकत्र राहू. मासे म्हणाले, तुला शहाणा कोण म्हणतं? जिथे आम्ही जगतो तिथे इतकं भय, तर जिथे मरतो तिथे किती असेल? तोरा हे आमचं पाणी, असं अकिवांना सांगायचं होतं. पुढे त्यांना रोमनांनी हालहाल करून मारलं. प्रश्न ३ मधला जाळ्यातला असहाय मासा इथे निश्चयी होतो, म्हणून मला ही गोष्ट सगळ्यांत मोलाची वाटते.

१७. दागोन हा मत्स्यदेव होता का?

बहुधा नाही. पलिष्ट्यांच्या या देवाची मूर्ती कराराच्या कोशापुढे पडून तिचं डोकं आणि हात तुटले आणि 'फक्त दागोन उरला' असं १ शमुवेल ५:४ मध्ये आहे. मध्ययुगीन भाष्यकारांनी 'दाग' वरून तो कमरेखाली मासा असल्याचं मानलं. पण मारी आणि उगारित या सीरियातल्या प्राचीन शहरांच्या लेखांत 'दागान' हा फार जुना देव आहे, आणि हिब्रूत 'दागान' म्हणजे धान्य.

१८. लिव्याथान हा मासा आहे का?

स्तोत्र १०४:२६ मध्ये तो समुद्रात खेळतो, यशया २७:१ मध्ये वाकडा सर्प आहे, आणि ईयोबच्या ४०-४१ अध्यायांत आगीच्या ठिणग्या ओकतो. शास्त्र त्याला 'दाग' म्हणत नाही. तालमूदमध्ये (बावा बात्रा ७४ ब) मात्र मादी लिव्याथान खारवून ठेवल्याचं सांगितलं आहे, धार्मिकांच्या अखेरच्या मेजवानीसाठी.

१९. ख्रिस्ती लोकांचं मत्स्यचिन्ह हिब्रूतून आलं का?

नाही, ते ग्रीक आहे. ग्रीकमध्ये मासा म्हणजे 'इख्थूस', आणि 'येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणारा' या ग्रीक शब्दांची आद्याक्षरं जोडून तोच शब्द होतो. 'दाग' वरून हे जुळवता येत नाही.

२०. मृत समुद्रात मासे नसतात, मग यहेज्केल ४७ मध्ये ते कसे?

तो भविष्याचा दृष्टांत आहे. मंदिराच्या उंबरठ्याखालून पाणी निघतं, घोट्याएवढं, गुडघ्याएवढं, कमरेएवढं, मग पोहून जावं लागेल इतकं, आणि ते मृत समुद्राला गोडं करतं. एन-गेदीपासून एन-एग्लाईमपर्यंत कोळी उभे राहून जाळी वाळत घालतात, मासे भूमध्य समुद्रातल्यासारखे नाना जातींचे असतात. पुढच्याच वचनात (४७:११) दलदली मात्र खाऱ्याच राहतात, मिठासाठी. मीठही लागतंच, मासे खारवायला आणि यज्ञालाही.

२१. मूर्तिपूजेची बंदी असताना घरात किंवा ताइतावर मासा कसा चालतो?

अनुवाद ४:१८ मध्ये पाण्यातल्या माशाची प्रतिमा करू नये असं खरोखरच लिहिलं आहे. तिथला मुद्दा पूजेसाठी केलेल्या मूर्तीचा आहे. प्राण्यांची शोभेची चित्रं रब्बी परंपरेने सरसकट मना केलेली नाहीत. उत्तर इस्राएलमधल्या बेथ आल्फाच्या सहाव्या शतकातल्या सभास्थानात जमिनीवर मोझेइकचं राशिचक्र आहे आणि त्यात मीन राशीचे दोन मासे आहेत, शेजारी हिब्रूत नाव लिहिलेलं: दागीम. हीच अदार या ज्यू महिन्याची रास. ताइताबद्दल मात्र रब्बींची मतं सारखी नाहीत. ताईतच कशाला, असं म्हणणारेही आहेत. तो वाद माशाबद्दलचा नसून ताइताबद्दलचा आहे.